सुशीला बसायच्या आधीचे अडीच महिने

जेवण सव्वा तासात संपलं. त्या सव्वा तासासाठी अडीच महिने लागले, आणि त्यातला बराचसा काळ मी टोकियोत नव्हे, ठाण्यात आमच्या जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते. म्हणून हे लिहिणं सुशीबद्दल कमी आणि खुर्ची मिळवण्याबद्दल जास्त होणार आहे. ज्यांना फक्त चवीचं वाचायचंय त्यांनी सरळ शेवटाकडे जावं.

माझा भाचा टोकियोत नोकरीला आहे. निशी-कासाईत राहतो, जिथे इतके भारतीय आहेत की त्याला घराजवळ कढीपत्ता मिळतो. नोव्हेंबरात त्याच्याकडे जायचं ठरलं. मी मालवणकडची. मासा ताजा की बर्फातला हे कल्ले उघडून सांगते, असा माझा घरातल्या घरात लौकिक आहे. तेव्हा एकदा तरी काउंटरला बसून, समोर आचारी एकेक घास वळून देतोय अशी सुशी खायचीच, हे मी जाहीर करून टाकलं. शेजारच्या लातूरच्या काकूंना वाटलं मी चुरमुऱ्यांच्या सुशीलाबद्दल बोलतेय. "त्यासाठी जपानला कशाला?" म्हणाल्या. अडीच महिन्यांत हा प्रश्न मला अनेकदा आठवला.

टोकियोच्या गिंझा भागातल्या सुकियाबाशी जिरो या सुशीच्या दुकानाचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. 2014 च्या एप्रिलमध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे ओबामांना तिथेच जेवायला घेऊन गेले होते. तळघरातलं छोटं दुकान, दहाएक खुर्च्या, रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशलिन गाइडचे तीन तारे. 2019 च्या नोव्हेंबरात मिशलिनने ते यादीतून काढलं. चव उतरली म्हणून नव्हे, सर्वसामान्य माणसाला तिथे बुकिंगच मिळत नाही म्हणून! हे वाचलं तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण मला वाटलं, जिरो नको, त्याच गिंझात दुसरं शोधू. शोधलं. आठ खुर्च्या, मेनू नाही, ओमाकासे, म्हणजे काय वाढायचं ते तुम्हीच ठरवा म्हणून आचाऱ्याच्या हवाली व्हायचं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

तिथली पद्धत अशी की महिन्याच्या 1 तारखेला टोकियोच्या सकाळी दहाला पुढच्याच्या पुढच्या महिन्याच्या खुर्च्या वेबसाइटवर खुल्या होतात. टोकियो आपल्या साडेतीन तास पुढे. म्हणजे नोव्हेंबरसाठी 1 सप्टेंबरला सकाळी साडेसहा. आणि 1 सप्टेंबर म्हणजे गौरीपूजन. एका बाजूला सोळा भाज्या चिरायच्या पडलेल्या, दुसऱ्या बाजूला मी घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर लावून. बरोबर साडेसहाला पान उघडलं, दोन खुर्च्या दिसल्या, दाबल्या. मग नाव विचारलं. इंग्रजीत लिहिलं. लाल अक्षरांत चूक. पुन्हा लिहिलं, पुन्हा लाल. भाच्याला व्हिडिओ कॉल लावला तर तो ऑफिसमध्ये, हळू आवाजात म्हणाला, "अगं मावशी, ते काताकानात मागतायत." काताकाना म्हणजे परकी नावं लिहायची जपानी लिपी. आमच्या आडनावात 'ळ' आहे. जपानीत 'ळ' नाही, 'ल'सुद्धा नाही, सगळ्यांना मिळून एकच 'र'. त्याने मेसेजमध्ये काहीतरी अक्षरं पाठवली, मी चिकटवली, कार्डाचा नंबर भरला, आणि कार्ड नाकारलं गेलं. 6 वाजून 36 मिनिटांनी नोव्हेंबरची एकही खुर्ची शिल्लक नव्हती.

कार्ड का नाकारलं हे शोधण्यात गौरी-गणपती गेले. झालं होतं असं: आधीच्या कार्डाची मुदत संपून बँकेकडून नवीन कार्ड आलेलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर 2020 पासून नवीन किंवा बदलून दिलेल्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी बंदच असतात, ते आपण सुरू करायचे. नियमाबद्दल तक्रार नाही, चांगलाच आहे. तक्रार अशी की बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'परदेशी' हे एक बटण, 'ऑनलाइन' हे दुसरं, आणि परदेशी ऑनलाइन खर्चाची मर्यादा हे तिसऱ्याच पानावर, आणि त्या मर्यादेत शून्य रुपये लिहिलेले! दोन बटणं हिरवी करून मी खूश, मर्यादा शून्य. हे मला कस्टमर केअरने सांगितलं नाही. कस्टमर केअरला मराठीसाठीचा आकडा दाबला की बारा मिनिटं बासरी वाजते आणि मग एक मुलगा हिंदीत सांगतो की मॅडम, आपका इंटरनेट चेक कीजिए. तीन वेळा. तिसऱ्या खेपेला मी त्याला मराठीतच सांगितलं की बाळा, माझं इंटरनेट ठणठणीत आहे, तुझ्या बँकेला बघ काय झालंय. शून्याचा शोध शेवटी आमच्या ह्यांनी लावला, रात्री अकराला चष्मा कपाळावर ढकलून, आणि त्याचं श्रेय ते अजून घेतात.

इथेच सांगून ठेवते, नाहीतर राहून जाईल. खुर्च्या खुल्या व्हायच्या आदल्या दिवशी त्याच कार्डाने कुठल्यातरी परदेशी साइटवर शंभर-दोनशे रुपयांचं काहीही घ्या. गेलं तर कार्ड चालतंय. आणि नाव काताकानात आधीच लिहून ठेवा.

आता कार्ड सज्ज होतं. दुसरं रेस्टॉरंट हेरलं, तिथलं बुकिंग 15 तारखेला टोकियोच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे आदल्या रात्री साडेआठला. नाव चिकटवलं, कार्ड भरलं, बँकेचं पान आलं, ओटीपी टाका. ओटीपी येईना. पानावर पाच मिनिटांचं उलटं घड्याळ. हे फोन खिडकीशी धरून उभे, मग बाल्कनीत, मग चपला घालून जिन्यात. पान मेलं. त्यानंतर तीन मिनिटांनी जिन्यातून आवाज आला, "आला, आला! चार-सात-दोन..." मी काही बोलले नाही. ते बोलले. बँकेचं नाव घेऊन असं काही बोलले की खालच्या मजल्यावरचे जोशी दार उघडून बाहेर आले.

मग मी सरळमार्ग सोडला. वाचलं होतं की टोकियोत मोठ्या हॉटेलांचे कन्सिएर्ज, म्हणजे पाहुण्यांची कामं बघणारे कर्मचारी, पाहुण्यांसाठी अशी बुकिंगं करून देतात, आणि कितीतरी सुशीवाले परदेशी माणसाचं बुकिंग त्यांच्याकडूनच घेतात, कारण माणूस आला नाही तर हॉटेल तरी जबाबदार राहतं. त्यांची बाजू कळते. आठ खुर्च्यांतल्या दोन रिकाम्या राहिल्या तर त्या दोघांसाठी पहाटे बाजारातून आणलेला मासा उद्या वाढता येत नाही. पण आम्ही राहणार भाच्याकडे! हॉटेल नाही तर कन्सिएर्ज नाही, कन्सिएर्ज नाही तर खुर्ची नाही. मी दोन रात्रींसाठी हॉटेल घ्यायचा विषय काढला. ह्यांनी कॅल्क्युलेटर काढला. विषय मिटला.

भाच्याने फोनही लावून पाहिला, पहिल्याच ठिकाणी. पलीकडच्या बाई म्हणे इतक्या नम्रपणे नाही म्हणाल्या की फोन ठेवल्यावर त्यालाच अपराधी वाटलं.

शेवटी युक्ती साधीच निघाली, आणि ती पहिल्या दिवशी करायला हवी होती. त्याच पहिल्या रेस्टॉरंटच्या साइटवर प्रतीक्षायादी होती. भाच्याने स्वतःच्या नावाने, जपानी नंबर आणि जपानी कार्ड देऊन तिच्यात नाव घातलं, रात्रीसाठी नव्हे, दुपारसाठी. दुपारची सुशी त्याच आचाऱ्याच्या हातची, घास थोडे कमी आणि पैसे जवळपास निम्मे. रात्री माणशी तीस-चाळीस हजार येन सहज होतात, दुपार आम्हाला कर धरून 16,500 येनला पडली, म्हणजे नऊ-साडेनऊ हजार रुपये. रात्रीच खायला हवी हा माझा हट्ट कुठून आला होता कोण जाणे. आम्ही टोकियोत पोचलो, आणि तिसऱ्या दिवशी भाचा ऑफिसातून धापा टाकत फोनवर: "मावशी, रद्द झालंय कुणाचंतरी, दोन जागा, परवा बारा वाजता, मी घेऊन टाकल्या."

परवा म्हणजे गुरुवार. मी गुरुवारी मासे खात नाही. चाळीस वर्षांत खाल्लेले नाहीत. मालवणला आईला फोन केला. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मार्गशीर्ष लागूक नाय ना अजून? मग जा." तोही प्रश्न सुटला.

पण एक उरलाच होता. नियमांत शेवटी लिहिलेलं की बुकिंग ज्याच्या नावावर तो हजर हवा, दुसऱ्याला देता येणार नाही. जागा विकणाऱ्यांचा तिथे सुळसुळाट झाल्यामुळे हे आलंय. खुर्च्या दोन. भाचा जाणार म्हणजे जाणारच. उरली एक. ओटीपीसाठी जिन्यात उभे राहिलेले आमचे हे मोठ्या मनाने म्हणाले, "तू जा, मला कच्च्याचं तसंही काही नाही." त्यांनी त्या दुपारी निशी-कासाईत चिकन कात्सू करी खाल्ली, आणि ती किती छान होती हे मला अजून ऐकावं लागतं.

निघताना भाचा म्हणाला, "मावशी, आज सेंट नको." बरोबर होतं. हातभर अंतरावर मासा आणि भात, तिथे वास लावून जाणं असभ्य समजतात. पाच मिनिटं आधी पोचलो. अर्धा तास आधी पोचून दाराशी उभं राहू नये आणि उशीर तर अजिबात करू नये, कारण आठही जणांना एकदमच वाढायला सुरुवात होते.

आत गेल्यावर मात्र अडचण अशी एकही आली नाही. लाकडाचा गुळगुळीत काउंटर, गरम ओला रुमाल, चहा. फोटो काढू का विचारलं, मासा काढा, माणसं नकोत, असं उत्तर. आचारी पन्नाशीचा, कमी बोलणारा. पहिला घास हिरामे, पांढरा चपटा मासा. सुशी म्हणजे कच्चा मासा, असं मीही समजत होते. खरं तर सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेला भात. वर काय ठेवायचं ते पुढचं. इथला भात तांबूस होता, साकेच्या चोथ्यापासून केलेल्या लाल व्हिनेगरचा, आणि अंगाइतका कोमट. आचारी वरून सोयासॉसचा हात स्वतःच फिरवतो, म्हणून वाटीत बुडवायचं नाही. वासाबी, ती झणझणीत हिरवी चटणी, आतच असते. हाताने खाल्लं तर चालतं, मी हातानेच खाल्लं, आणि काउंटरवर ठेवल्या ठेवल्या खायचं. माझ्या डावीकडचे एक गृहस्थ फोटोसाठी घास फिरवत बसले, तर आचारी त्यांच्या घासाकडे आजारी मुलाकडे बघावं तसा बघत होता.

माकूल आलं, बारीक चिरा पाडलेलं. सोयासॉसमध्ये मुरवलेला ट्यूना, मग त्याच माशाच्या पोटाचा चरबीचा तुकडा, जो चावावा लागला नाही. मीठ-व्हिनेगरात मुरवलेली कोहादा, चंदेरी सालीची, आमच्या मांदेलीची कुणी मोठी बहीण वाटावी अशी दिसायला. गाबोळी आली, इकुरा, सामन माशाची नारिंगी. भाच्याने मला कोपराने ढोसलं, कारण मी मोठ्याने "गाबोळी!" म्हणाले. ही मुरवणं-उकडणं-माखणं सगळी जुन्या एदोची, म्हणजे टोकियोचीच, बर्फ नव्हता तेव्हाची. तेव्हा हे रस्त्यावरच्या गाडीवरचं खाणं होतं आणि घास आजच्याहून बराच मोठा असे. गाडीवरचा वडापाव दोनशे वर्षांनी 16,500 येनला विकावा तसं काहीसं.

मग आनागो. समुद्रातली वाम, शिजवून मऊ केलेली, वर गोडसर दाट रस. मला राहवलं नाही. भाच्याला म्हटलं, सांग त्यांना, आमच्याकडे अशाच माशाचं तिरफळं घालून तिखलं करतात. तिरफळाला भाच्याकडे शब्द नव्हता. मी म्हटलं, जिभेला मुंग्या आणतं ते, बारीक गोल, फुटलेलं. आचाऱ्याने चाकू ठेवला, मागे वळला, एक लहानशी डबी आणली आणि माझ्या तळहातावर चिमूटभर हिरवट पूड टाकली. सान्शो. चाटली तर अगदी तीच मुंगी, फक्त लिंबाच्या अंगाने जाणारी. घरी येऊन शोधलं तर सान्शो आणि तिरफळ एकाच कुळातली झाडं. तिकडेही ती पूड ईलवर, म्हणजे वामेवर, घालतात.

शेवटी केकसारखं गोड अंडं, वाटीभर सूप, बिल. टीप ठेवायची नसते, ठेवलीत तर मागून पळत येऊन परत करतील.

दाराशी निरोप देताना आचारी वाकला आणि भाच्याला काहीतरी म्हणाला. ते तिरफळ त्याला बघायचंय म्हणे, कोरडं असलं तरी चालेल. मी तिथल्या तिथे कबूल करून बसले. परवा आईने मालवणहून पाव किलो पाठवलीही. आता पुढच्या महिन्यात एक ओळखीचे टोकियोला जातायत, त्यांच्याबरोबर भाच्याकडे जातील. पण नुसतं दारात जाऊन पुडी द्यायला त्याला बरं वाटत नाही, म्हणतो जेवायला जाऊन देतो. म्हणजे 1 तारीख, टोकियोचे सकाळचे दहा. खुर्च्या मात्र तीन घे म्हटलंय, हे येतो म्हणतायत.