मंडईच्या आदल्या दिवसाचं संमेलन

भाऊबीज आटोपली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. आमच्या मंडळाचं संमेलन तिच्या आदल्या दिवशी, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. दीपप्रज्वलन, अहवाल, शाल-श्रीफळ अर्ध्या तासात उरकतं. दरवर्षी तेच.

जीव गुंततो तो पुढे. सकाळच्या शर्यतीतला एकेक चमू उभा राहतो आणि काय चुकलं, का चुकलं एवढंच सांगतो. शर्यत अशी: चौघं आणि एक डोंगा, म्हणजे सपाट तळाची होडी. शीड लावून तलाव ओलांडायचा, दोघांनी टेकडी चढून उतरायची, दोघांनी डोंगा सांभाळायचा, मग सगळ्यांनी पाण्यातून परत.

ही कल्पना भूगोलाच्या गुरुजींची. ते दरवर्षी थ्री पीक्स यॉट रेसबद्दल, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या तीन शिखरांच्या शर्यतीबद्दल बोलतात. वेल्समधल्या बार्मथहून स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमपर्यंतची ही शर्यत १९७७ साली सुरू झाली. वाटेत स्नोडन (१,०८५ मीटर), स्काफेल पाइक (९७८) आणि शेवटी बेन नेव्हिस (१,३४५) ही शिखरं पायी चढून उतरायची. इंजिन चालवायचं नाही, वारा पडला की वल्ही मारायची. १९३६ साली नंदादेवीच्या शिखरावर पोचलेले बिल टिल्मन बार्मथजवळच राहायचे. शिडाच्या होडीने दूर जायचं आणि तिथला डोंगर चढायचा, ही त्यांची रीत, त्यावरूनच ही शर्यत सुचली. नंदादेवीचं नाव आलं की गुरुजींचा आवाज दाटतो, आणि कितीदाही ऐकलं तरी मांडव शांत होतो.

मग पोरं बोलतात. सगळ्यात जुनी चूक दोरीची. हात दुखतो म्हणून नवा गडी शिडाची दोरी डोंग्याला गाठ मारून बांधतो. झुळूक आडवी आली की दोरी त्याच क्षणी ढिली व्हायला हवी. गाठ असली तर शिडातला वारा निघत नाही, डोंगा कलतो आणि पाणी घेतो. म्हणून खुंटीला एकच वेढा आणि टोक मुठीत. दुसरी चूक फळीची. डोंग्याचा तळ सपाट, त्यामुळे आडव्या वाऱ्यात तो पुढे कमी आणि बाजूला जास्त सरकतो. वारा ज्या बाजूला ढकलतो, त्या काठाला फळी उभी बांधून पाण्यात सोडावी लागते. वारा मागून असला तर तीच फळी ओढ धरते, तेव्हा ती वर घ्यायची. शिंगाड्याच्या वेलात फळी अडकली तर ओढू नये, आधी शीड पाडावं.

धावणाऱ्यांची चूक काठावर होते. डोंग्यात उकिडवं बसून पाय आखडलेले, आणि उतरल्या उतरल्या पळायला जातात. पोटऱ्यांत गोळा येतो. काठ जवळ दिसू लागला की आळीपाळीने पाय लांब करावेत, घोट्यातून फिरवावेत. जोडे-मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत. गुडघाभर चिखलातून अनवाणी बाहेर यावं, दुपट्ट्याने बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, मगच मोजे. मोज्यात राहिलेली चिमूटभर रेती टेकडीवर फोड आणते. उतरताना मुरमावर सागाचा पाला पडलेला असतो. लांब टांग टाकली की पाय सटकतो. आखूड पावलं, गुडघे सैल.

एवढ्या खरेपणाने आपली चूक सांगणारी पोरं इतरत्र क्वचितच दिसतील. म्हणून एक गोष्ट लागते: बाहेरगावी गेलेले जुने सदस्य रात्रीच्या नाटकाला हमखास येतात, या भाषणांना येत नाहीत. खुर्च्या त्यांच्यासाठीही मांडलेल्या असतात.

आभारात कोणी राहू नये. डोंगे देणारे आणि दिवसभर पाण्यात थांबणारे ढीवर काका, ताडपत्रीची शिडं शिवणारे शिंपी भाऊ, तरंगती जॅकेटं जमवणारे क्रीडाशिक्षक, टेकडीवर शिट्टी घेऊन उभे राहिलेले चौघं, मीठ-लिंबाचं पाणी करणाऱ्या अंगणवाडीच्या ताई, भात आणि लाखोळी डाळीचे वडे करणाऱ्या बचत गटाच्या बाया, मांडववाले, माइकवाले, पाळीवरचं गवत कापणारे दोघं बाबाजी. आणि भिजलेल्या दोऱ्या संध्याकाळी कुंपणावर वाळत घालून, गाठी सोडवून, गुंडाळून ठेवणारी सातवीची पोरं.