विठोबालाही लुगडं नेसावं लागलं

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, तिसऱ्या वर्षाला मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचा विषय, आला की केस बुक हातात येतं. तपासलेल्या गरोदर बाया, पाहिलेल्या डिलिव्हऱ्या, स्वतः घेतलेल्या डिलिव्हऱ्या असे रकाने, आणि प्रत्येक नोंदीखाली इन्चार्ज सिस्टरची सही. ते भरल्याशिवाय आमच्याकडं परीक्षेचा फॉर्म पुढं सरकत नसे. 2021 चा डिसेंबर संपत आला तेव्हा वर्गातल्या मुलींची पुस्तकं निम्म्याच्या वर भरली होती. माझ्या ‘स्वतः घेतलेल्या’ रकान्यात एकही नोंद नव्हती.

असणार कुठून? मी लेबर रूमच्या उंबऱ्याच्या आत गेलोच नव्हतो. “ब्रदर, तुम्ही जरा स्टॉक रजिस्टर लिहून घ्या.” रोजचं ठरलेलं वाक्य. मुली आत, मी बाहेर ग्लोव्हजची खोकी मोजत. तासाभरानं डॉक्टर येत, तेही पुरुषच, आणि सरळ आत जात. मी एकदा हे बोलून दाखवलं. “ते डॉक्टर आहेत,” एवढंच उत्तर मिळालं. आमच्या पदाचं सरकारी नावच मुळी अधिपरिचारिका. आधीच्या उन्हाळ्यात कोविड वॉर्डात जम्बो सिलिंडर ढकलायला आणि बॉडी पॅक करायला मात्र पहिली हाक ब्रदरलाच होती.

एम्सच्या भरतीत 2019 पासून नर्सिंग ऑफिसरच्या 80 टक्के जागा बायांना, 20 पुरुषांना. त्यावरून आमच्या हॉस्टेलात रात्र रात्र भांडणं व्हायची. मला तो आकडा कधी फारसा खुपला नाही. कळा देताना परका पुरुष नको वाटला तर त्यात बाईचं काय चुकलं? माझं म्हणणं एवढंच होतं की टेबलावरच्या बाईला कुणी विचारतच नव्हतं. तिच्या वतीनं ‘नको’ आम्हीच ठरवून टाकलं होतं.

मी देऊळगाव राजा तालुक्यातला. चोखोबांचं मेहुणाराजा आमच्याच तालुक्यात. घर मातंगाचं. आजी सुईण होती, तिची आईही सुईणच. आजी सांगते, रात्री-बेरात्री कंदील घेऊन पाटलाचा गडी यायचा. हिला मागच्या दारानं आत घ्यायचे. लेकरू हिच्या हातावर पडायचं, नाळ ही कापायची, आणि ही उंबरा ओलांडून गेली की घरात गोमूत्र शिंपडायचे. जिच्या हाताशिवाय लेकरू जगात येत नाही, तिचाच विटाळ. चोखोबांच्या बायकोनं, सोयराबाईंनी हे सहाएकशे वर्षांपूर्वी विचारून ठेवलंय: ‘देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥’ आजीला अक्षरओळख नाही, पण हा अभंग तोंडपाठ आहे.

माझी जागा आरक्षणातली. ती मिळवतानाच अर्धा दम निघाला होता. जात वैधतेला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. ज्या जातीपायी शाळा मिळाली नाही, ती जात सिद्ध करायला शाळेचा दाखला आणा म्हणतात. शेवटी कोतवाल बुकाची नक्कल निघाली, चुलत आजोबांच्या जन्माची नोंद असलेली. तहसीलला सात चकरा झाल्या. असो.

नाताळच्या सुटीत घरी गेलो तर आजीनं तोंड बघूनच ओळखलं. “कावून रे, तुले आत घेत नाहीत का?” मी हो म्हणालो. तर म्हातारी हसायला लागली. “मंग लुगडं नेस. इठोबानं नेसलं होतं.”

आख्यान मलाही माहीत होतं. सोयराबाईंचे दिवस भरलेले. चोखोबा बहिणीला, निर्मळेला आणायला मेहुणपुरीला गेलेले. इकडं कळा सुरू झाल्या. तेव्हा विठोबा निर्मळेचं रूप घेऊन आला, बाळंतपण केलं, बाळंतिणीचं सगळं केलं आणि निघून गेला. मग खरी निर्मळा दारात आली आणि सोयराबाई चक्रावल्या, की ही तर आत्ताच गेली. सप्ताहात ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली; पण आजी म्हणाली तसा विचार कधी केला नव्हता. देव आला खरा, पण पुरुष म्हणून आला नाही. त्यालाही दारातून आत जायला नणंद व्हावं लागलं.

त्या बाळंतपणात जन्मलं ते लेकरू म्हणजे कर्ममेळा. हे कीर्तनकार सांगतात आणि पुढं सरकतात. मी त्या रात्री तिथंच अडकलो. चोखोबांनी आपल्या जन्माचा हिशोब मागच्या जन्मावर टाकलेला: ‘आम्हां पूर्वीचें हें फळ’. देवाचा न्याय म्हणून मान खाली घातली. आणि पोरगं, ज्याची नाळ म्हणे खुद्द देवानं कापली, ते मोठं होऊन त्याच देवाला विचारतं: ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥’ देवाला लाज काढणारा अभंग! रात्रीच्या मदतीनं दिवसाचा न्याय भागत नाही, हे त्या पोराला कळलं होतं.

हॉस्टेलातला माझा पार्टनर बौद्ध. त्याला चोखोबांचं कौतुक मुळीच खपत नसे. “1338 ला मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना दरडीखाली मेला तुझा चोखोबा. समाधी कुठं, तर पंढरपूरला पायरीपाशी, देवळाच्या बाहेर. आपल्या लोकांना आत जायला साने गुरुजींचं 1947 चं उपोषण लागलं.” मी म्हणायचो, बाबासाहेबांनी 1948 चं ‘द अनटचेबल्स’ ज्या तिघांना अर्पण केलं त्यात नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळा आहे, त्याचं काय? तो म्हणायचा, “अर्पण करणं वेगळं, मागं जाणं वेगळं.” कर्ममेळा मात्र त्याला आवडला. त्याच्या ओळी त्यानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या.

जानेवारीत मी ट्यूटर मॅडमना गाठलं. त्या कडक, पण सरळ. म्हणाल्या, दारातून घुसू नको, ओपीडीतून ये. म्हणजे आधी एएनसी ओपीडीत, गरोदर बायांच्या तपासणीत, पोट तपासायला शीक, बायांना तुझा चेहरा ओळखीचा होऊ दे, आणि रात्रपाळी माग. सोबत मावशी ठेवायची. सासूला नाही, बाईला विचारायचं. आणि पायाशी नाही, डोक्याशी उभं राहायचं. हा शेवटचा सल्ला कुठल्या पुस्तकात नाही. डोक्याशी उभं राहून पाठ चोळली, पाणी पाजलं, की बाईच थोड्या वेळानं म्हणते, “भाऊ, पाहा बरं, किती वेळ राहिला?” काही जणी नको म्हणाल्या. मी बाहेर गेलो. तेही शिकायचंच होतं.

पहिली नोंद एका रात्री तीनच्या सुमाराला झाली. लोणारकडची बाई, दुसरं बाळंतपण. सिस्टर शेजारच्या टेबलावर, तिथल्या पेशंटचं बीपी चढलेलं. बाईनं माझं मनगट असं धरलेलं की तिच्या बांगड्यांचे वळ दोन दिवस राहिले. विचारलं, “ताई, मी घेऊ का?” ती खेकसली, “घे ना लवकर!” संमती म्हणतात ती हीच.

डोकं दिसायला लागलं. “आता जोर नको, फुंकर मारा.” गॉजचा पॅड खाली धरला, दुसऱ्या हातानं डोकं एकदम येऊ दिलं नाही. मानेभोवती बोट फिरवलं, नाळेचा एक सैल वेढा होता, तो डोक्यावरून काढला. मग खांदा, आणि मग सगळं एकदम, कोमट, निसरडं. आईच्या पोटावर ठेवून पुसलं. दोन सेकंद काहीच नाही. ती दोन सेकंदं मला अजून आठवतात. मग रडली. सिस्टरनं येऊन रक्तस्राव आवरायला ऑक्सिटोसिन 10 युनिट मांडीत दिलं. ठोके थांबल्यावर नाळ कापली. वार ट्रेमध्ये पसरून तुकडा राहिला नाही ना, ते पाहिलं. आजीही सुपात उलटून पाहायची.

बाहेर सासूला मुलगी झाल्याचं सांगितलं. तिनं आडनाव विचारलं. सांगितलं. जरा थांबली, मग शंभराची नोट काढली आणि हातात न देता बाकड्यावर ठेवली. सगळ्यांनाच तशी देत असेल, कोण जाणे. मी ती घेतली नाही. घ्यायचीच नसते.

पुढचे रकाने भराभर भरले. उन्हाळ्यात इन्चार्ज सिस्टर स्वतःच हाक मारायला लागल्या, “ब्रदर, तीन नंबर पाहा.” परीक्षा झाली, कौन्सिलकडं नोंदणी झाली. प्रमाणपत्र घेऊन गावी गेलो. त्यावर नर्सच्या जोडीला मिडवाइफ लिहिलेलं. आजीला वाचून दाखवलं.

“म्हंजे काय?”

“सुईण.”

तिनं कागद उलटा-सुलटा करून पाहिला. “याले तीन वर्सं लागले? अन् वरून पैसे भरले?”