टेंपोचे मागचे पाय

आमच्या मोटरहोमला आई 'टेंपो' म्हणते. फियाट ड्युकाटो या व्हॅनच्या चॅसीवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेली, २००७ सालची, आधीच्या मालकांनी बऱ्यापैकी जपलेली गाडी. कोल्हापूरहून आई आमच्याकडे इंग्लंडमध्ये डर्बीला आली तेव्हा तिला लेक डिस्ट्रिक्ट दाखवायला नेलं. ती मधल्या सोफ्यावर झोपली, आम्ही दोघं मागच्या पलंगावर. सकाळी चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाली, "जावईबापू कूस बदलतात ते मला कळतं गं. रात्रभर टेंपो हलतोय."

हलणारच. मोटरहोम उभी केली तरी तिचं घर स्प्रिंगांवरच असतं. त्यात आमच्या गाडीचा मागचा भाग मागच्या चाकांच्या धुऱ्याच्या मागे चांगला दोन मीटर बाहेर आलाय आणि पलंग नेमका तिथे. टोकावर माणूस उठला-बसला की मागचे पाटे दबतात, सुटतात आणि सगळी गाडी डुलते. पुढे इंजिनाचं वजन असल्यामुळे नाक तुलनेने शांत असतं. म्हणून मागच्या दोन कोपऱ्यांत, गाडी उभी असताना जमिनीला टेकवायचे आधाराचे पाय बसवले की आमच्यासारख्या गाडीचं बरंचसं काम भागतं.

पण हे पाय गाडी उचलायला नसतात. जाड अक्षरात लिहून गाडीत चिकटवावं असं हे वाक्य आहे, कारण कॅम्पसाइटवर मी उलटंच पाहते. उतारावर गाडी लावायची, मग मागचे पाय पिळत-पिळत गाडी पातळीत आणायची. ड्युकाटोचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मागची चाकं उचलली गेली किंवा नुसती हलकी झाली की हँडब्रेक ओढला काय, न ओढला काय, सारखंच. गाडी उरते गिअरच्या आणि त्या दोन बारक्या पायांच्या भरवशावर. पाय तिरपे उघडतात. गाडी पुढे-मागे सरकली तर ते दुमडतात नाहीतर चॅसीवरची पट्टी वाकवतात.

तेव्हा आधी पातळी, मग पाय. पातळीसाठी प्लॅस्टिकचे पायऱ्यांचे रॅम्प मिळतात, चाकं त्यावर चढवायची. ओट्यावर पाणसळ ठेवायची, एकदा लांबीत, एकदा रुंदीत. मग हँडब्रेक, गिअर, चाकांना अडसर. ही पातळी नुसती झोपेसाठी नाही. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये पंप नसतो. अमोनिया आणि पाणी उष्णतेच्या आणि गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर फिरतात. गाडी फार कलली की तो प्रवाह अडतो, फ्रिज थंड करेनासा होतो आणि वारंवार तसंच वापरलं तर कायमचा बिघडू शकतो. बाथरूमचं पाणीही मग जाळीकडे न जाता दाराकडे येतं. ओल्या गवतावर मात्र पुढची चाकं रॅम्पवर चढवताना जपून, कारण ओढणारी चाकं तीच. घसरली की रॅम्प मागे उडतो.

पाय कुठले घ्यायचे यावर नवऱ्याने पंधरवडा घालवला. हायड्रॉलिकचं स्वप्न त्यालाही पडलं: बटण दाबलं की चारही पाय उतरतात आणि गाडी स्वतःच पातळीत येते. ते खरंच उचलण्यासाठी बनवलेले असतात, 'पाय गाडी उचलायला नसतात' हे त्यांना लागू नाही. पण किंमत हजारो पौंडांत, आणि वजन चांगलं भरभक्कम. आम्हाला वजनच परवडत नाही. भारतीय परवाना इथे बदलून मिळत नाही, परीक्षा नव्याने द्यावी लागते. आणि १ जानेवारी १९९७ पासून पुढे परीक्षा पास झालेल्यांना साध्या परवान्यावर अशी डिझेल गाडी ३५०० किलोपर्यंतच चालवता येते. पाण्याची टाकी, गॅसच्या टाक्या, सायकली, आईचा प्रेशर कुकर आणि तिचं दहा किलो तांदळाचं पोतं असं सगळं धरून वजनकाट्यावर आम्ही काठावरच असतो. शिवाय धुऱ्याच्या मागे लटकवलेलं वजन मागच्या धुऱ्यावर त्याच्यापेक्षा जास्त पडतं, कारण ते पुढचं नाक तेवढं उचलतं.

शेवटी कॅरॅव्हानला (गाडीमागे ओढून न्यायच्या घराला) असतात तसे स्क्रूने खाली उतरणारे लोखंडी पाय घेतले. बोल्ट-पट्ट्यांसकट दोन्ही मिळून आठ-नऊ किलो.

बसवण्यात खरं काम पाय धरून बोल्ट पिळण्याचं नव्हतंच. ते होतं कुठे बसवायचे ते ठरवण्याचं. आमच्या गाडीला मागे फियाटच्या चॅसीला बोल्टने जोडलेले लोखंडी पट्टे आहेत, त्यावर घराचा मागचा भाग बसलाय. पाय त्या पट्ट्यांनाच. घराच्या तळाला कधीही नाही. तो आतून लाकूड आणि फोम असतो. काही गाड्यांना अल-को कंपनीची गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) चॅसी असते, तिला मनाने भोकं पाडू नयेत. आधीपासूनच्या भोकांत बसणारी किंवा शिकंजासारखी आवळणारी पट्टी वापरावी. मी खाली सतरंजी टाकून आडवी पडले (गाडी चारही चाकांवर आणि सपाट जमिनीवर, नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली मी कुणालाही जाऊ देत नाही) आणि खडूने खुणा केल्या. डावीकडे सांडपाण्याची टाकी, उजवीकडे मागच्या दिव्यांच्या वायरी, मधून गॅसची नळी. ड्रिलचं टोक पलीकडे कुठे निघणार हे हाताने चाचपल्याशिवाय भोक पाडायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं. एक खूण त्यापायी चार बोटं आत सरकवावी लागली.

दुसरी गोष्ट उंचीची. पाय दुमडलेला असताना बंपरच्या खाली लोंबता कामा नये. स्कॉटलंडमधल्या ओबान बंदराहून मल बेटावर जाणाऱ्या बोटीवर चढताना, ओहोटी असेल तर रॅम्पचा कोन असा काही होतो की लांब शेपटीच्या गाड्यांचा मागचा भाग घासतो. तिथे सगळ्यात आधी मार खाणार तो पाय. म्हणून धुऱ्यापासून शक्य तितके लांब बसवायचे हा सल्ला अर्धाच बरोबर. लांब बसवले की डुलणं जास्त कमी होतं हे खरं, पण घासण्याची शक्यताही वाढते. आम्ही टोकापासून थोडे आत घेतले.

एम१० चे (दहा मिलीमीटर जाडीचे), ८.८ या मजबुतीच्या ग्रेडचे बोल्ट, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर, नायलॉनच्या कड्याचे नट. भोक पाडल्यावर त्याच्या कडा कानशीने साफ केल्या आणि उघड्या लोखंडाला जस्ताचा रंग दिला. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. उघडं लोखंड एका मोसमात लालेलाल होतं. पहिल्या लांब प्रवासानंतर सगळे नट पुन्हा आवळून पाहिले. विमा कंपनीला फोन करून बदल कळवला, त्यांनी नोंद घेतली, जास्तीचे पैसे मागितले नाहीत.

वापरायला अगदी सोपे. १९ मिलीमीटरचा सॉकेट लावलेला दांडा फिरवत पाय खाली आणायचा, तळव्याखाली प्लायवूडचा चौकोन सारायचा, नाहीतर पावसाने भिजलेल्या गवतात पाय रात्रीत रुततो आणि सकाळी हवेत लोंबत असतो. तळवा टेकल्याचं हाताला कळतं, दांडा जड होतो. त्यानंतर आणखी एखादा फेरा, बस्स. बॅटरीच्या ड्रिलने करणारे बरेच असतात. करा, पण क्लच सैल ठेवून, आणि शेवटचा फेरा हातानेच. ड्रिलला टेकणं कळत नाही, ते पिळतच राहतं. स्क्रूला ग्रीस न लावता कोरडं वंगण मारतो. ग्रीसला वाळू चिकटते आणि आटे खाते.

दोन्ही पाय टेकवल्यावर माणसं आत येऊन बसतात, पाण्याची टाकी भरते, गाडी थोडी दबते. त्यामुळे झोपण्याआधी एक चक्कर मारून पाय पुन्हा बघायचे. आणि निघताना पाय वर घेतल्याशिवाय किल्ली हातात यायला नको, म्हणून किल्ली त्या दांड्यालाच अडकवलेली असते. ही युक्ती नवऱ्याची, श्रेय त्याला.

वाऱ्यावर मात्र या पायांचा उपाय अर्धामुर्धाच. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर बाजूने वारा आला की पुढचा भाग हलतोच. तिथे जागा असेल तर गाडीचं नाक वाऱ्याकडे करून लावायची. त्याने पायांपेक्षा जास्त फरक पडतो. मग पुढेही दोन पाय लावावेत का, असं आमच्या ओळखीतले एक-दोघं विचारतात. माझं मत विचाराल तर नको. तेवढ्या वजनाचे तांदूळ येतात.