बारावी चिठ्ठी

नववी ‘ब’मध्ये, १९९५-९६ साली, खिडकीकडच्या शेवटच्या दोन बाकांवर आमचा एक उद्योग चालायचा. रफ वहीचं पान फाडून तुकडे करायचे, ज्याने त्याने आपले लाडके पाच व्हिडिओ गेम क्रमाने लिहायचे आणि घडी घालून कंपासपेटीत टाकायचे. मधल्या सुट्टीत एकेक चिठ्ठी उघडायची आणि ती कोणाची ते ओळखायचं. अक्षर कळू नये म्हणून डाव्या हाताने लिहायचा नियम होता. चुकला त्याने वडापाव द्यायचा. मी त्या वर्षी फारसे वडापाव दिले नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मनोगत लिहा म्हटल्यावर शिस्त, संस्कार, प्रार्थनेची घंटा हे सगळं डोळ्यांसमोर आलं. पण ते बाकीचे लिहितीलच.

आमच्याकडची मशीन म्हणजे जपानी निन्टेन्डोची नक्कल. अस्सल कोणी पाहिलीच नव्हती, त्यामुळे नक्कल आहे हेही माहीत नव्हतं. वरून कॅसेट खोचायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन वन’ असं छापलेलं. मी एका मे महिन्यात चिकाटीने मोजले. खरे गेम सात-आठच निघाले, बाकी तेच वेगळ्या नावांनी. ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या एका गल्लीत दिवसाला दहा रुपये भाड्याने कॅसेट मिळायची, आणि परत करताना तो माणूस ती अशी निरखायचा की जणू आपण दागिना मोडायला आणलाय.

नावं आमचीच होती. पडद्यावर विटांच्या मोठ्या अक्षरांत ‘बॅटल सिटी’ लिहिलेलं दिसत असूनही आम्ही त्याला ‘टँक’च म्हणत होतो. बंदुकीने पडद्यावरची बदकं टिपायचा डक हंट म्हणजे ‘बदक’. हातात मावणारा, लोकलमध्येही विकायला यायचा तो, वरून पडणारे तुकडे रचायचा ब्रिक गेम म्हणजे ‘ठोकळे’. मारिओ आणि काँट्रा मात्र आपल्या नावानेच राहिले.

ओळखण्याची युक्ती अक्षरात नव्हतीच. चरईच्या एका मुलीची चिठ्ठी घ्या. तिचा पहिला क्रमांक बदक. आता बदकाची बंदूक तिच्या थोरल्या भावाकडे, आणि तो ती कोणाला हात लावू देत नसे. मग हिला बदक आवडण्याचं कारण काय? तर एकेक बदक उडतं त्या प्रकारात दुसऱ्याने रिमोट (खेळायची बटणं असलेला, मशीनला जोडलेला) धरला की बदक हवं तसं उडवता येतं. भाऊ नेम धरायचा आणि ही बदक होऊन त्याला चकवायची. (बंदूक ट्यूबलाइटवर रोखली की बदक पडतं, ही वर्गातली अफवा खोटी. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतल्या डोळ्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसावा लागतो. ट्यूब काही आपल्यासाठी विझत नाही.)

काँट्रावाले ओळखणं सोपं. त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर ‘वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए’ लिहिलेलं असायचं. सुरुवातीला एवढं दाबलं की तीन ऐवजी तीस जीव मिळत. सनावळ्या पाठ नसलेल्यांनाही हे झोपेत म्हणता येत होतं.

आणि कळव्याचा एक जण होता. त्याच्या घरी मशीन नव्हती. तो शाळा सुटल्यावर माझ्याकडे, नौपाड्यात यायचा. दुसरा रिमोट त्याचा. त्याच्या चिठ्ठीत टँक, काँट्रा वगैरे सगळं होतं, मारिओ नव्हता. मारिओ नसलेली यादी आमच्या वर्गात ही एकच. मी चिठ्ठी उघडल्या उघडल्या ओरडलो, “कळवेकर!” सगळे अवाक्. कसं ओळखलंस, म्हणून मागे लागले. मी ऐटीत सांगितलं: टँक आणि काँट्रा दोघं एकदम खेळतात. मारिओत पहिला मेल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही.

सगळे हसले. तोही हसला. मग म्हणाला, “आणि हा मरतच नाही रे.”

ते खरं होतं. मारिओच्या दुसऱ्या पायरीत, म्हणजे लेव्हलमध्ये, छतावरून जाऊन पाइपातून थेट चौथ्या जगात उतरता येतं, पुढे वेल चढून आठव्यात. खेळ काही मिनिटांत आटोपतो. मला ते ठाऊक होतं आणि मी ते मुद्दाम टाळायचो. मला बत्तीसच्या बत्तीस पायऱ्या करून दाखवायच्या असत. तेवढा वेळ तो दुसरा रिमोट मांडीवर धरून बसलेला असे. साडेसहा वाजले की उठायचा. आई त्याला पोहे द्यायची, ते तो अगदी हळूहळू खायचा. मी तेव्हा चिडायचो.

फेब्रुवारीत गणिताच्या बाईंनी कंपासपेटी पकडली. वर्ल्ड कप सुरू होता, त्यामुळे त्यांना वाटलं आम्ही पैजा लावतोय. चिठ्ठ्या उघडून वाचल्या. आता मुख्याध्यापकांकडे, असं आम्ही धरून चाललो. बाईंनी खडू उचलला. “अकरा याद्या आहेत. यातला सगळ्यांत आवडता कुठला, सांगा.” काँट्रा, आम्ही म्हणालो, अकरापैकी पाच जणांनी तो पहिला लिहिला होता. टँकला पहिला क्रमांक फक्त एकाने दिलेला. बाईंनी पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला चार, असं पाचव्याच्या एकापर्यंत लावलं आणि बेरीज केली. काँट्रा ३२. टँक ३९, कारण सात जणांचा तो दुसरा होता. काँट्रावाल्यांनी रडीचा डाव म्हणून आरडाओरडा केला. ही पद्धत बोर्दा नावाच्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते, हे मला पुढे कॉलेजात कळलं. तोवर मी ती बाईंचीच समजत होतो. काँट्रावाल्यांचं म्हणणं मात्र मला आजही पटतं. पाच जणांचा जीव की प्राण असलेला खेळ सात जणांना बरा वाटणाऱ्या खेळापुढे का हरावा?

त्याच आठवड्यात बाईंनी पुठ्ठ्याचे सात तुकडे आणले, प्रत्येक चार चौकोनांचा. एकूण चौकोन अठ्ठावीस. सात गुणिले चारचा आयत करून दाखवा, म्हणाल्या. “बाई, हे तर ठोकळे!” आम्ही ओरडलो. “कसले ठोकळे?” बाईंचा चेहरा निर्विकार. दोन तास झटूनही आयत झाला नाही. मग त्यांनी चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे रंगवले. आयतात काळे चौदा, पांढरे चौदा. सहा तुकड्यांत दोन-दोन बसतात, पण टी आकाराच्या तुकड्यात एका रंगाचे तीन आणि दुसऱ्याचा एक. म्हणजे बेरीज पंधरा-तेराच येणार. आयत होणं शक्यच नाही. दहावीची भूमिती मी साफ विसरलो, हे विसरलो नाही.

वर्ष संपताना बाईंनी चिठ्ठ्या पाकिटात घालून माझ्या हाती दिल्या. मी ते न उघडताच ट्रंकेत टाकलं.

आता आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली. घर रिकामं करताना ट्रंक निघाली, पाकीट निघालं. तिथेच फरशीवर बसून चिठ्ठ्या लावल्या. मारिओ नसलेलीचा फोटो कळवेकराला पाठवला. तो आता घोडबंदर रोडला राहतो. त्याचं उत्तर आलं, “मशीन आहे का अजून? यावेळी पहिला रिमोट माझा.”

पण चिठ्ठ्या बारा भरल्या. बारावी पेन्सिलने लिहिलेली, उजव्या हाताने, ओळीवर नीट बसवलेलं अक्षर. पाच नावं नाहीत, एकच: ‘टेट्रिस’. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्हने केलेल्या त्या खेळाचं हे खरं नाव आमच्यात तेव्हा एकालाही ठाऊक नव्हतं. आम्ही ठोकळेच म्हणायचो.

सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमाला बाई येणार आहेत, असं समितीकडून कळलं. चिठ्ठी खिशात घालून आणतो. ओळखायला चुकलो असेन तर वडापाव माझ्याकडून.

— माजी विद्यार्थी, शालान्त परीक्षा १९९७