पट्टा, घड्याळ आणि जीपीएक्स

रविवार.

कुत्र्याबरोबर पळून आल्यावर घड्याळातली जीपीएक्स फाइल (फेरीतल्या प्रत्येक बिंदूची जागा आणि वेळ नोंदलेली) स्वतःच्या वेबसाइटवर चढवली की वेगाचा आलेख करवतीच्या पात्यासारखा उमटतो. जरा कुठे लय लागते तोच वेग धाडकन शून्यावर. कधी खांब, कधी झुडूप, कधी नुसतीच कोपऱ्यावरची भिंत. हे थांबे पळणाऱ्याला खटकतात आणि तो ते पुसायला बसतो. पुसू नयेत. अंतराच्या हिशेबातून वगळावेत, नकाशावर मात्र राहू द्यावेत.

वगळायचे कशासाठी? माणूस जागचा हलला नाही तरी जीपीएसचा बिंदू दोन-चार मीटर इकडेतिकडे सरकत राहतो, आणि वेबसाइटवरची हिशेब करणारी स्क्रिप्ट दर दोन बिंदूंमधलं अंतर इमानेइतबारे मिळवत जाते. उभ्याउभ्या अंतर वाढतं. आधी पाच-पाच सेकंदांची सरासरी घ्यावी, मग जिथे वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या खाली जातो ते तुकडे बेरजेत धरू नयेत. सुट्या बिंदूंना ही चाळणी लावली तर ती फसते, कारण भटकणारा बिंदूही अधूनमधून तेवढा वेग दाखवतो. बॅटरी वाचवायला काही घड्याळं बिंदू कमी-जास्त वेळाने नोंदतात. म्हणून बिंदू मोजण्यापेक्षा प्रत्येकाची वेळ वाचावी. ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. आपल्या वेळेत बदलायची राहिली की फेरी भलत्याच तारखेवर जाऊन बसते.

आता उरलेले थांबे. दहा सेकंदांहून मोठ्या प्रत्येक थांब्याला नकाशावर ठिपका द्यावा आणि शेजारी एका शब्दात कारण. नाक जमिनीला, शेपूट सैल: हुंगणं, त्याला त्याचा वेळ द्यावा. सावलीकडे ओढ, जीभ लांब लोंबलेली आणि टोकाला पसरट: तापलाय. पाय आळीपाळीने उचलणं: जमीन भाजतेय, नाहीतर पंजात काही रुतलंय. तोंड घट्ट मिटलेलं, अंगाचा भार मागच्या पायांवर, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय: भीती. अशा वेळी पट्टा ओढू नये, लांबून वळसा घ्यावा. महिनाभर नोंदी साठल्या की कुठल्या रस्त्यावर ‘तापलाय’चे ठिपके दाटतात ते दिसतं आणि वेळ किंवा रस्ता बदलता येतो.

तापण्याला हलकं घेऊ नये. कुत्र्याचं अंग थंड होतं ते मुख्यतः धापा टाकून. घामाच्या ग्रंथी पंजांत असतात, पण त्यांचा उपयोग जेमतेम. हवा दमट असली की धापाही पुऱ्या पडत नाहीत. नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस, 41च्या आसपास गेलं की जिवावर बेततं. लडखडू लागला तर जागीच थांबून अंगावर गार पाणी ओतावं, वारा घालावा आणि तडक डॉक्टर गाठावा. निघण्याआधी हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवावी. सात सेकंद टेकवत नसेल तर पंजांनाही ते सोसणार नाही. चपट्या नाकाच्या जातींना पळायला नेऊच नये. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं पक्की व्हायला दीड वर्षही लागतं, तोवर चालणं बरं.

पुढे पळणाऱ्या कुत्र्याचा चेहरा दिसत नाही, दिसते ती शेपूट. हलतेय म्हणजे खूश, असं नेहमीच नसतं. इटलीतल्या संशोधकांनी 2007 साली दाखवलं की मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकते, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. मागून बघणाऱ्याची डावी-उजवी तीच असते, एवढी तरी सोय. धावताना हा फरक डोळ्यांना टिपता येईलच असं नाही. ताठ वर उभी की सैल, एवढं बघितलं तरी भागतं.

पट्टा हातात धरला की त्या बाजूचा हात मोकळा हलत नाही आणि खांदा भरून येतो. त्यापेक्षा कमरेचा बेल्ट, मधे ताणला जाणारा तुकडा असलेला पट्टा आणि कुत्र्याला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा. गळपट्ट्याला बांधून पळवू नये. इंटर्व्हलच्या (आलटून पालटून जोरात आणि सावकाश पळण्याच्या) दिवशी त्याला घरी ठेवावं, बोलता येईल इतक्या सावकाश पळण्यालाच तो सोबती चांगला.

रात्रीची कामं वेबसाइटची. फेरीचा आरंभ आणि शेवट कापून टाकायचा, नाहीतर घराचा पत्ता जगजाहीर. घर मध्यभागी धरून ठरावीक वर्तुळ लपवलं तर चार-पाच फेऱ्यांच्या तुटलेल्या टोकांवरून मध्यबिंदू शोधता येतो, म्हणून वर्तुळाचा मध्य घरापासून जरा सरकवावा. फोटोतही ठिकाण दडलेलं असतं. 1600 पिक्सेलपर्यंत लहान करतानाच ते काढून टाकावं. पानाला भाषेचा कोड मराठीचा द्यावा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या फंदात पडू नये, शिरोरेषा तुटते. आणि सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवणारी फाइल) बदलूनही फोनवर जुनंच दिसत असेल तर कोडला दोष देण्याआधी फाइलच्या पत्त्यामागे आवृत्तीचा नवा आकडा लावून बघावा.