मेटार वाचायला शिकताना

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) ज्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात, त्यांत मला सगळ्यात जड गेला हवामानाचा पेपर. पास व्हायला ७० टक्के लागतात. त्यातला मेटार म्हणजे विमानतळावरच्या हवेची ठरावीक वेळी निघणारी नोंद. मुंबईची दर अर्ध्या तासाला येते.

संक्षेप क्लासमध्येच पाठ झाले होते. आकाशाचे आठ भाग धरायचे. एक-दोन भागांत ढग असले तर फ्यू, तीन-चार स्कॅटर्ड, पाच ते सात ब्रोकन, आठही झाकले की ओव्हरकास्ट. पण पाठांतराने चित्र उभं राहीना. म्हणून पावसाळाभर नेरूळच्या घरी मुंबईचा मेटार वहीत उतरवून घ्यायला लागले. वेळ झुलू, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे; ०९०० झुलू म्हणजे आपले दुपारचे अडीच. तापमान २७ आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो) २६ दिसला की हवा ओलीचिंब आहे हे आकड्यांवरूनच कळायला लागलं. कधी आमच्याकडे धो धो पाऊस आणि मेटारमध्ये पावसाचं नावही नाही! नोंद त्या विमानतळाची आणि लगतच्या परिसराची असते, खाडीअलीकडच्या नेरूळची नव्हे.

सर मात्र सारखे म्हणायचे, "वारा नुसता वाचू नकोस, धावपट्टीवर ठेवून वाच." ते पटलं उदाहरण सोडवताना. समजा नोंद आहे २५०१४ केटी, म्हणजे २५० अंशांकडून येणारा १४ नॉट (ताशी १४ सागरी मैल) वारा. मुंबईची २७ नंबरची धावपट्टी साधारण २७० अंशांची. फरक २० अंश, त्यामुळे समोरून १३ नॉट आणि आडवा जेमतेम ५. तोच वारा मुंबईच्याच ३२ नंबरच्या, म्हणजे साधारण ३२० अंशांच्या, धावपट्टीवर धरला तर फरक ७० अंश, आणि आडवा वारा थेट १३ नॉट! वारा एकच, पण वैमानिकापुढचं काम किती बदललं. हे गणित मला फार आवडतं. माझ्या मते विद्यार्थ्याला सुरुवातीलाच ते शिकवावं.

आता घराजवळच नवी मुंबईचा विमानतळ आहे, २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडतात. धावपट्टी ०८/२६ (एकाच पट्टीच्या दोन टोकांचे नंबर), लांबी ३७०० मीटर. वरचाच वारा २६ वर धरला तर आडवा भाग अडीच नॉटही भरत नाही. पावसाळी वारे पश्चिम-नैर्ऋत्येचे, हे लक्षात घेतलं की धावपट्टी अशी पूर्व-पश्चिम का, ते नकाशा न बघताही उमगतं.

हवामानाच्या पेपरात पास झाले. टॅफ, म्हणजे विमानतळाचा अंदाज, त्यावर अजून हात बसवते आहे. त्यात टेम्पो लिहिलेला बदल एका वेळी तासाभराच्या आत ओसरणारा आणि एकूण मुदतीच्या निम्म्याहून कमी वेळ टिकणारा धरायचा. बिकमिंग असेल तर हवा बदलून पुढे तशीच राहणार.