मे महिन्यातला हीटर

सोलापुरात मे महिन्याच्या भर दुपारी, पारा 42 अंशांच्या पुढे असताना, मी गाडीतला हीटर पूर्ण जोरात लावून आणि चारही काचा खाली करून रेल्वे स्टेशनपासून घरापर्यंत आलो, असे सांगितले तर ऐकणारा आधी माझ्या डोक्याला ऊन लागल्याचे निदान करील. मागच्या सीटवर बसलेल्या मावशीने ते केलेच होते. ती पुण्याहून आली होती. तिची गाडी चाळीस मिनिटे उशिरा आली आणि तेवढा वेळ मी स्टेशनबाहेर एसी चालू ठेवून, इंजिन न बंद करता, एका रिक्षाच्या सावलीवर हक्क सांगत उभा होतो. मावशीची बॅग डिकीत ठेवून बसलो, तेव्हा एरवी मध्याच्या जरा खालीच विसावणारा तापमानाचा काटा तीन-चतुर्थांशांवर जाऊन पोहोचला होता. मी एसी बंद केला, हीटर लावला आणि मावशी म्हणाली, "अरे, सोलापूर तापतं ते ऐकून होते, पण तुम्ही वरून शेकोटीही घेता?"

तिला तेव्हा समजावून सांगण्याची माझी मनःस्थिती नव्हती. गाडीचा हीटर म्हणजे वेगळी विजेची शेगडी नसते. इंजिनमधून तापून आलेले पाणी डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या एका लहानशा रेडिएटरमधून फिरते आणि त्यावरून पंख्याने हवा ढकलली की ती गरम होऊन आत येते. मोठा रेडिएटर कमी पडू लागला की हा धाकटा भाऊ थोडा भार उचलतो. इंजिनची उष्णता बाहेर न जाता आपल्या अंगावर येते एवढेच. काटा थोडा उतरला, आम्ही घामाने निथळत अशोक चौकाच्या पलीकडे घरी पोहोचलो, आणि मावशी पुढचा अर्धा तास माठाशेजारची जागा सोडायला तयार नव्हती.

गाडी 14 वर्षांची आहे. तिच्या वयाला शोभतील अशा तक्रारी ती करते आणि त्यांपैकी निम्म्या मी घरच्या घरी मिटवतो, कारण मला त्यात रस आहे आणि सुटीतल्या शिक्षकाला सकाळचे दोन तास मोकळे असतात. तापणे ही तक्रार मात्र मिटवण्यापेक्षा समजून घेण्याची अधिक आहे. इंधनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण एक-तृतीयांश ऊर्जा चाकांच्या काहीही कामी न येता थंड करणाऱ्या पाण्यात उतरते. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूंचे तापमान क्षणभर 2000 अंशांच्याही वर जाते आणि ज्या ॲल्युमिनियमचा पिस्टन असतो ते 660 अंशांना वितळते. तेव्हा इंजिन का तापते हा प्रश्नच नाही, ते एरवी वितळत का नाही हा आहे. स्लॅब टाकताना माणसे रांगेने उभी राहून काँक्रीटची घमेली हातोहात वर पोहोचवतात, तसे इथे चालते. धातू आपली उष्णता पाण्याला देतो, पंप ते पाणी रेडिएटरकडे ढकलतो, रेडिएटरच्या नळ्या ती उष्णता पातळ पत्र्याच्या पात्यांना देतात आणि पाती ती वाऱ्यावर सोडतात. या रांगेतला एक गडी जरी पाणी प्यायला गेला, तरी घमेली मागे साचू लागतात. काटा फक्त साचल्याचे सांगतो. कोण उठून गेला ते सांगत नाही.

ते शोधायचे तर आधी गाडी कधी तापते हे पाहावे लागते. उभी असताना तापते आणि धावू लागली की उतरते, असे असेल तर दोष बहुधा वाऱ्याच्या बाजूला असतो, कारण धावत्या गाडीला वारा आपसूक मिळतो आणि उभ्या गाडीला तो पंख्याकडून उसना घ्यावा लागतो. उलट शहरात ठीक आणि हमरस्त्यावर वेग धरला की काटा चढतो असे असेल, तर संशय पाण्यावर जातो: ते कमी आहे, नीट फिरत नाही किंवा नळ्यांत क्षार बसले आहेत. माझी गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला तापत होती आणि तुळजापूर रस्त्याला लागून हिप्परग्याचा तलाव दिसेपर्यंत पुष्कळशी निवत होती. म्हणजे वारा. वारा म्हणजे पंखा, असे मी लगेच ठरवून टाकले, आणि तिथेच चुकलो.

कारण पंखा ठणठणीत होता. एसीचे बटण दाबताच तो घरघरत सुरू होत होता आणि एसी बंद ठेवून इंजिन पुरते तापू दिले, तरी आपल्या वेळेला स्वतःहून लागत होता. फ्यूज शाबूत, रिले शाबूत. तोवर गल्लीतल्या प्रत्येकाने एकच सल्ला देऊन झाला होता, की पाणी घाल. ज्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांच्या अंतराने येते, त्या गावात कोणत्याही दुःखावर पाणी हाच उतारा सुचावा यात नवल नाही. एका शेजाऱ्याने तर त्याच्या बोअरचे पाणी देऊ केले. ते मी नम्रपणे नाकारले, कारण आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्याने बादलीला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आतून बसतो, आणि मग पाणी असूनही उष्णता नळीपर्यंत पोहोचत नाही. रेडिएटरमध्ये घालायचा तयार द्रव, म्हणजे कूलंट, नाहीतर निदान बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, एवढीच मुभा मी देतो.

तरी पाणी पाहिले. इथे एक गोष्ट मी स्वतःच्या कमीपणासह नोंदवून ठेवतो. गेली दोन वर्षे मी दर महिन्याला बॉनेट उघडून प्लास्टिकच्या बाटलीतली कूलंटची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहत होतो आणि समाधानाने बॉनेट बंद करत होतो. या वेळी रात्रभर इंजिन निवू दिले (गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे उकळते पाणी तोंडावर घेणे होय, यात घाईला जागा नाही) आणि सकाळी सहा वाजता झाकणच उघडले, तर रेडिएटर जवळजवळ लिटरभर रिकामा. बाटली भरलेली आणि रेडिएटर तहानलेला, हा चमत्कार झाकणाने केला होता. त्या झाकणात दोन झडपा असतात. इंजिन तापून पाणी फुगले की दाब वाढतो आणि ठरावीक दाबानंतर मोठी झडप उघडून जादा पाणी बाटलीत जाऊ देते. इंजिन निवले की आत ओढ निर्माण होते आणि छोटी झडप तेच पाणी बाटलीतून परत घेते. माझ्या झाकणाचे रबर कडक होऊन चिरले होते. जाताना पाणी बाटलीत जात होते. परत येण्याच्या वेळी रेडिएटर त्या चिरेतून नुसती हवा ओढत होता.

झाकणाचे काम एवढ्यावर संपत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीवर आहे, म्हणजे इथे उघड्या भांड्यातले पाणी 100 अंश होण्याच्या दीड अंश आधीच उकळते. माझ्या झाकणावर 0.9 असा आकडा छापलेला आहे, तो बार या दाबाच्या एककातला. तेवढा बार दाब आत कोंडला की तेच पाणी 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि कूलंट मिसळले असेल तर आणखी थोडे थांबते. हे मी घरात सांगितले तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे कुकरची रिंग. सैल झाली की डाळ शिजत नाही, हे मला कोणी आकडे देऊन सांगितलं नव्हतं." नवे झाकण आणले, कूलंट भरले, इंजिन चालू ठेवून आतली हवा बुडबुड्यांवाटे निघू दिली. ते करताना सांडलेले पुसूनही घेतले, कारण कूलंट चवीला गोड आणि पोटात विषारी असते, आणि आमच्या दारातल्या मांजरीला चव घेण्याची सवय आहे.

बुडबुडे काही वेळाने थांबले हे पाहून मला हायसे वाटले. ते थांबले नसते, किंवा ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असता, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधले सील, गेले असे समजून मी पाने पेटीत ठेवून दिले असते. ते घरी करण्याचे काम नाही.

मधल्या काळात एका गॅरेजवाल्याला विचारले, तर तो हातातले काम न थांबवता म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्या हवेत कशाला पाहिजे तो?" हा सल्ला आपल्याकडे इतका सर्रास मिळतो की तो देशी ज्ञान म्हणूनच खपतो, आणि मला तो मुळीच पटत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेली एक लहानशी डबी. पाणी साधारण 82 अंशांपर्यंत तापले की मेण वितळून फुगते, दांडी ढकलते आणि रेडिएटरची वाट उघडते. तोवर वाट बंद ठेवून इंजिनला लवकर योग्य तापमानावर आणते. थंड इंजिन जास्त पेट्रोल पिते आणि जास्त झिजते, हे सोलापुरातही खरे आहे, कारण बाहेर 42 अंश असले तरी इंजिनला ते गारच वाटतात. तो अडकून बसला असेल तर बदलावा. पण दार अडते म्हणून चौकटच उखडून ठेवणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. माझा अडकला नव्हता. सकाळी थंड इंजिन चालू करून, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून बोटे जपत, मी रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवून उभा राहिलो. सातेक मिनिटे पाइप जवळजवळ गार होता आणि मग अर्ध्या मिनिटात हात ठेवता येईना इतका तापला. डबीतले मेण आपले काम करत होते.

एवढे करून दुपारी कडुनिंबाखाली एसी लावून गाडी उभी केली, तर पंधरा-वीस मिनिटांत काटा पुन्हा मध्य ओलांडून निघाला. पूर्वीपेक्षा सावकाश, पण निघाला.

आमच्या समोर राहणारे काका गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे मुकादम, होते आणि गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षे टॉवेलच्या यंत्रमागांची दुरुस्ती करत. ते ओट्यावर वर्तमानपत्र वाचत माझा हा उद्योग दोन दिवस पाहत होते. आता उठून आले. "सर, अजून तापायली का?" मी हो म्हटले. "पाणी बघितलात, पंखा बघितलात. वारा बघितलात का?" पंखा फिरतो आहे म्हणजे वारा आहेच, असे मी म्हणालो. त्यांनी हातातल्या वर्तमानपत्राचे अर्धे पान फाडले आणि पंखा चालू असताना ते पुढच्या जाळीवर धरून सोडले. पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि समोरची हवा ओढून घेतो. त्यामुळे कागद जाळीला चिकटून राहायला हवा होता. तो सरळ खाली पडला. "मागाच्या मोटरीला असंच व्हायचं की. मोटर चांगली, करंट चांगला, तरी तापायची. जाळीला तूस बसलेलं असायचं."

रेडिएटरच्या पुढे बोटभर अंतरावर एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, असतो. बाहेरून दिसतो तो तोच, आणि तो मी धूत आलो होतो. काकांनी वरच्या फटीतून टॉर्च मारला, तेव्हा त्या दोहोंच्या मधल्या जागेत राखाडी रंगाची एक सलग गादी दिसली. दुसऱ्या दिवशी नळ येणार होता, म्हणून काम तोवर थांबले. पहाटे बॅटरीची ऋण तार सोडली, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अवचित फिरू लागतो. 10 नंबरच्या पान्याने पंख्याचे चार आणि रेडिएटरच्या वरच्या दोन पट्ट्यांचे बोल्ट काढले आणि रेडिएटर थोडा मागे कलता केला. मऊ ब्रशने जेवढे कोरडे निघेल तेवढे काढले, मग साबणाच्या पाण्याने भिजवून, आतून बाहेरच्या दिशेने, पाइपच्या साध्या धारेने धुतले. धुलाई केंद्रातल्या जोरकस फवाऱ्याने ही पाती दुमडतात आणि दुमडलेल्या पात्यांतून वारा पुन्हा तसाच अडतो.

जे निघाले त्याने टोपली अर्धी भरली. मी रोज ज्या गल्लीबोळांतून जातो तिथे दोन्ही बाजूंनी टॉवेलचे माग खडखडत असतात, आणि त्यांच्या खिडक्यांतून उडणारा कापूस माझी गाडी निमूटपणे गोळा करत आली होती. त्यात फेब्रुवारी-मार्चमधल्या मळणीच्या दिवसांत मोहोळ आणि मंगळवेढ्याकडच्या रस्त्यांवर उडालेला ज्वारीचा भुसा होता, कडुनिंबाचा वाळलेला मोहोर होता, एका पतंगाचा पंख होता, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारे गुलाबी, पिवळे, निळे धागे होते. पाण्याने मऊ झाल्यावर तो गोळा एखाद्या जुन्या चादरीच्या तुकड्यासारखा दिसत होता. बाहेर 42 अंश असताना मी इंजिनला सोलापुरी पांघरूण घालून फिरवत होतो.

काकांनी त्यातला एक गुलाबी धागा उचलला, दोन बोटांत फिरवून पीळ सोडवला, पुन्हा घातला आणि सुताची जाडी ओळखून म्हणाले, "वीस नंबर. पलीकडच्या गल्लीतला आहे." मग धागा टोपलीत टाकून ते राहिलेले अर्धे वर्तमानपत्र वाचायला निघून गेले.

रविवारी मावशीला स्टेशनवर सोडायला गेलो. परतीची गाडीही उशिरा होती. आम्ही एसी लावून बाहेर उभे राहिलो, काटा मध्याच्या जरा खाली येऊन थांबला आणि शेवटपर्यंत तिथून हलला नाही. निघताना घरून बसण्यापूर्वी मावशीने मात्र हीटरची कळ नेमकी कोणती आणि ती कोणत्या बाजूला फिरवली की बंद होते, हे मला दोनदा विचारून घेतले होते.